विश्लेषण : जुनी मोटार ‘स्वच्छ’ आहे, हे लंडनमध्ये सिद्ध कसे करतात?

वीस वर्षांची पेट्रोल मोटार लंडनमध्ये शुल्काविना फिरू शकते. अकरा-बारा वर्षांच्या डिझेल मोटारीला मात्र दररोज साडेबारा पाउंड भरावे लागतात. फरक पडतो तो गाडीच्या वयाने नव्हे, तर तिच्या कागदांवरील एका आकड्याने. तो रकाना कोराच असेल, तर गाडी नियमात बसते हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. हे कसे करायचे आणि दिल्ली-मुंबईतील जुन्या गाड्यांच्या वादाशी त्याचा संबंध काय, याविषयी...

नेमका पेच काय?

लंडनच्या पश्चिमेला, शहराच्या हद्दीबाहेर स्लाऊ आहे. भारतीय वंशाच्या लोकांची तेथे मोठी वस्ती आहे. समजा, तेथील एक मराठी कुटुंब मुंबईहून येणाऱ्या आई-वडिलांना घ्यायला हीथ्रो विमानतळावर गेले. गाडी २००४ ची, पेट्रोलवर चालणारी, सेकंड-हँड घेतलेली. प्रवास जेमतेम काही मैलांचा. वाटेत टोलनाका लागला नाही, कोणी अडवले नाही, पावती फाडली नाही. काही दिवसांनी टपालाने नोटीस आली : १८० पाउंड दंड. म्हणजे आपल्याकडील वीस हजार रुपयांहून अधिक.

हीथ्रो २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या अतिअल्प उत्सर्जन क्षेत्रात, म्हणजेच ‘यूलेझ’मध्ये मोडते. हद्दीवर फलक असतात, पण वसुली होते कॅमेऱ्यांमार्फत. कॅमेरा नंबरप्लेट वाचतो आणि त्या क्रमांकाची सरकारी नोंद तपासली जाते. गाडीच्या धुरात काय आहे, हे तेथे कोणी मोजत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात नियमात बसणाऱ्या गाडीची नोंद अपुरी असेल, तर तिलाही शुल्क लागते आणि ते न भरल्यास दंडही होतो.

यूलेझ काय आहे आणि शुल्क कसे आकारले जाते?

लंडनमध्ये मालमोटारींसाठी अल्प उत्सर्जन क्षेत्र २००८ मध्येच सुरू झाले होते. मोटारी, व्हॅन आणि मोटारसायकलींनाही लागू होणारे यूलेझ ८ एप्रिल २०१९ रोजी आले, तेव्हा ते मध्य लंडनपुरते होते. २५ ऑक्टोबर २०२१ रोजी ते उत्तर आणि दक्षिण वर्तुळाकार रस्त्यांपर्यंत वाढले आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सर्व ‘बरो’ त्यात आल्या. हॅरो, वेम्बली, हाऊन्स्लो यांसारखे भारतीयांची मोठी वस्ती असलेले भागही त्यामुळे शुल्काच्या कक्षेत आले. या विस्ताराला काही बरोंनी न्यायालयात आव्हान दिले होते. मात्र उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये तो कायदेशीर ठरवला.

नियमात न बसणाऱ्या मोटारीला दररोज १२.५० पाउंड शुल्क आहे. ते मध्यरात्रीपासून पुढच्या मध्यरात्रीपर्यंतच्या दिवसाला लागते. रात्री साडेअकराला क्षेत्रात शिरून साडेबाराला बाहेर पडलेल्या गाडीला दोन दिवसांचे, म्हणजे २५ पाउंड भरावे लागतात. वर्षात फक्त २५ डिसेंबरला सुटी असते. शुल्क आगाऊ किंवा प्रवासानंतरच्या तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत भरता येते. ते चुकले की १८० पाउंडांची नोटीस येते. १४ दिवसांत भरल्यास दंड निम्मा, म्हणजे ९० पाउंड होतो.

पेट्रोलला युरो-४ आणि डिझेलला युरो-६ का?

नियम वाचताना अनेकांना हा अन्याय वाटतो. पेट्रोल मोटारीला युरो-४ पुरते, तर डिझेल मोटारीला युरो-६ लागते. युरो-४ हे युरोपात जानेवारी २००६ पासून सर्व नव्या मोटारींना बंधनकारक झाले आणि युरो-६ सप्टेंबर २०१५ पासून. म्हणजे दोन इंधनांत जवळपास दहा वर्षांचे अंतर पडते.

या अंतराचे उत्तर नायट्रोजन ऑक्साइडच्या मर्यादेत आहे. युरो-४ पेट्रोल मोटारीसाठी ही मर्यादा किलोमीटरला ०.०८ ग्रॅम आहे. त्याच युरो-४ मध्ये डिझेल मोटारीला ०.२५ ग्रॅमची मुभा होती, युरो-५ मध्ये ०.१८ ग्रॅमची. डिझेल ०.०८ वर आले ते युरो-६ मध्ये. म्हणजे लंडनने दोन्ही इंधनांना प्रत्यक्षात एकच रेषा आखली आहे. पेट्रोल गाड्या ती २००५ च्या सुमारास गाठू लागल्या, डिझेल गाड्यांना आणखी दशक लागले. डिझेल मोटारीला त्याशिवाय सूक्ष्म कणांची अटही पाळावी लागते.

या वायूकडेच लक्ष का, हे दक्षिण लंडनमधील एका घटनेवरून कळते. एला अडू-किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी दक्षिण वर्तुळाकार रस्त्याजवळ राहत होती. तीव्र दम्याने २०१३ मध्ये तिचा मृत्यू झाला. डिसेंबर २०२० मध्ये झालेल्या दुसऱ्या चौकशीत कॉरोनरने हवेचे प्रदूषण हेही तिच्या मृत्यूचे एक कारण असल्याचे नोंदवले. ब्रिटनमध्ये मृत्यूच्या कारणांत प्रदूषणाची अशी नोंद प्रथमच झाली. वाहतुकीतून येणारे नायट्रोजन ऑक्साइड आणि सूक्ष्म कण हा त्या चौकशीचा मुख्य विषय होता.

२००५ पूर्वीची मोटारही पात्र कशी ठरते?

जानेवारी २००६ ही युरो-४ बंधनकारक होण्याची तारीख होती. तशा गाड्या बनू लागल्याची नव्हे. युरो-३ आणि युरो-४ या दोन्हींच्या मर्यादा युरोपीय संघाने १९९८ च्या एकाच निर्देशात जाहीर केल्या होत्या. पुढे काय येणार हे कंपन्यांना सात वर्षे आधी ठाऊक होते. जर्मनीसारख्या देशांनी हे निकष मुदतीआधी गाठणाऱ्या गाड्यांना करसवलतही दिली. त्यामुळे २००१ ते २००५ या काळातील अनेक पेट्रोल मोटारी कारखान्यातून बाहेर पडतानाच ०.०८ च्या आत होत्या. काहींवर कागदोपत्री युरो-३ चा शिक्का होता, पण चाचणीतील नायट्रोजन ऑक्साइडचा आकडा युरो-४ च्या मर्यादेत होता.

अशा गाड्यांची संगणकीय नोंद मात्र अनेकदा अपुरी असते. आकडा नोंदलेलाच नसेल, तर नोंदणीच्या वर्षावरून गाडी जुन्या निकषाची धरली जाते. स्लाऊच्या त्या २००४ च्या गाडीचे भवितव्य म्हणूनच तिच्या कागदांवर अवलंबून आहे.

पुरावा कोठे शोधायचा?

पहिली पायरी फुकट आहे. लंडनची वाहतूक सांभाळणारी ‘ट्रान्स्पोर्ट फॉर लंडन’ ही संस्था आपल्या संकेतस्थळावर गाडी तपासण्याची सोय देते. नंबर टाकला की शुल्क लागते की नाही, हे तत्काळ कळते. ही तपासणी अधिकृत संकेतस्थळावरच करावी. सर्चमध्ये वर दिसणारी काही खासगी संकेतस्थळे सरकारी असल्यासारखी भासतात आणि शुल्क भरून देण्यासाठी वरकड पैसे घेतात.

तेथे ‘शुल्क लागू’ असे उत्तर आले, तर दुसरी पायरी लॉगबुक. ब्रिटनमधील ‘व्ही५सी’ हे नोंदणीपत्र म्हणजे आपल्याकडचे आरसी बुक. त्यात धुराच्या तपशिलाचे रकाने असतात. नायट्रोजन ऑक्साइडचा रकाना व्ही.३ या क्रमांकाचा. पेट्रोल मोटारीच्या त्या रकान्यात ०.०८ किंवा त्याहून कमी आकडा असेल, तर काम सोपे होते. शेजारच्या व्ही.४ मध्ये हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड यांची बेरीज असते. तिच्याशी गल्लत करू नये. काही कागदांवर आकडा मिलिग्रॅममध्ये असतो. ८० मिलिग्रॅम म्हणजेच ०.०८ ग्रॅम.

रकाना कोरा असेल तर तिसरी पायरी : गाडी बनवणारी कंपनी. प्रत्येक मॉडेल विक्रीआधी चाचणीतून जाते आणि त्याचे आकडे कंपनीकडे असतात. कंपनीकडून ‘सर्टिफिकेट ऑफ कन्फॉर्मिटी’, म्हणजे गाडी मंजूर नमुन्याप्रमाणेच बनल्याचे प्रमाणपत्र, मागवता येते. ते मिळत नसेल तर कंपनीच्या लेटरहेडवरील पत्र. त्यात मॉडेलचे नाव पुरेसे नाही. त्या विशिष्ट गाडीचा नोंदणी किंवा चासी क्रमांक आणि नायट्रोजन ऑक्साइडचा आकडा हवा. काही कंपन्या यासाठी शुल्क घेतात आणि पत्र यायला वेळ लागतो.

शेवटची पायरी म्हणजे लॉगबुकची प्रत आणि हे पत्र संस्थेच्या ऑनलाइन अर्जासोबत पाठवणे. पुरावा मान्य झाला की गाडीची नोंद दुरुस्त होते. तोपर्यंत कॅमेऱ्याच्या लेखी गाडी जुनीच असते. म्हणून अर्ज केल्या दिवसापासून मोकळे झालो, असे समजून चालत नाही. दंडाची नोटीस आधीच आली असेल, तर २८ दिवसांच्या आत लेखी हरकत घेता येते. ती फेटाळली गेल्यास स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील करता येते.

कोणता पुरावा चालत नाही?

‘गाडी दरवर्षी तपासणीत पास होते’ हे सर्वांत जास्त ऐकू येणारे उत्तर. ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या मोटारींची दरवर्षी ‘एमओटी’ तपासणी होते. मात्र त्यात पेट्रोल गाडीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन पाहतात, डिझेलच्या धुराचा गडदपणा पाहतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजलाच जात नाही. आपल्याकडील पीयूसीचेही तसेच आहे. पीयूसी पास असणे म्हणजे गाडी बिघडलेली नाही, एवढेच. ती कोणत्या निकषाची आहे, हे त्यातून कळत नाही.

‘माझ्या मित्राची हीच गाडी पास झाली’ हेही पुरत नाही. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि उत्पादनाचा महिना बदलला की आकडा बदलू शकतो. मित्राची गाडी पास झाली, तर आपल्या गाडीसाठी कंपनीला पत्र लिहिण्यात अर्थ आहे, इतकाच त्याचा उपयोग.

जपानमधून वापरलेल्या अवस्थेत आणलेल्या गाड्यांची अडचण वेगळी आहे. त्या जपानी निकषांवर तपासलेल्या असतात. त्यामुळे युरोपीय प्रमाणपत्र नसते आणि लॉगबुकमधील रकाने बहुधा रिकामे असतात. युरो-५ डिझेल गाडीच्या मालकाने मात्र कागदांमागे फार धावू नये. त्या निकषाची मर्यादाच ०.१८ ग्रॅमची असल्याने गाडी ०.०८ च्या आत असण्याची आशा नसते. अपवाद आहे तो २०१४-१५ मधील काही डिझेल मोटारींचा. युरो-६ बंधनकारक होण्याआधीच त्या निकषाच्या गाड्या बाजारात आल्या होत्या. अशा मालकांना कागद तपासून पाहण्यात फायदा आहे.

चाळीस वर्षांची गाडी सुटते, वीस वर्षांची अडकते?

होय, असे घडते. बांधणीला ४० वर्षे झालेली मोटार ‘ऐतिहासिक वाहन’ या करवर्गात नोंदवता येते आणि व्यवसायासाठी वापरत नसल्यास तिला यूलेझ शुल्क नाही. येथे धुराचा आकडा कोणी विचारत नाही. पुरावा लागतो तो वयाचा. अशा गाड्या संख्येने थोड्या असतात आणि रोज रस्त्यावर येत नाहीत, हा त्यामागचा विचार आहे. मात्र चाळिशी उलटली की सूट आपोआप मिळत नाही. वाहन नोंदणी करणाऱ्या ‘डीव्हीएलए’कडे अर्ज करून करवर्ग बदलून घ्यावा लागतो. तो न बदललेल्या गाडीला कॅमेरा सोडत नाही.

कागदावरचा आकडा कितपत खरा?

या व्यवस्थेची दुखरी नस हीच आहे. लॉगबुकमधील आकडा प्रयोगशाळेत, नव्या गाडीवर मोजलेला असतो. रस्त्यावर, वीस वर्षांनी तीच गाडी किती धूर सोडते, हे त्यातून कळत नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचे प्रकरण उघडकीस आले. चाचणी सुरू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारे सॉफ्टवेअर डिझेल गाड्यांत बसवले होते. कागद आणि रस्ता यांतील दरी त्यातून जगापुढे आली.

तरीही लंडनने कागदाचा आधार घेतला. लाखो गाड्यांचा धूर रोज मोजणे शक्य नाही. नंबरप्लेट वाचणे शक्य आहे. याची किंमत मात्र सर्वांना सारखी पडत नाही. ज्याला परवडते तो नवी गाडी घेतो. वीस वर्षांची गाडी अनेकदा त्याच्याकडे असते, ज्याला दुसरी परवडत नाही. रोज कामावर जाणाऱ्यासाठी साडेबारा पाउंड म्हणजे महिन्याच्या २२ कामाच्या दिवसांचे २७५ पाउंड. महापौर सादिक खान यांच्या प्रशासनाने जुनी मोटार मोडीत काढणाऱ्या लंडनवासीयांना २,००० पाउंडपर्यंत मदत दिली, ऑगस्ट २०२३ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. पण ती योजना सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झाली. शिवाय लंडनच्या हद्दीबाहेर, स्लाऊसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांना ती मिळतच नव्हती. त्यांच्यापुढे शुल्क, नवी गाडी किंवा पुरावा एवढेच पर्याय उरतात. त्यांतील सर्वांत स्वस्त पर्याय पुराव्याचा आहे.

भारतात काय स्थिती?

भारतातील वाद आतापर्यंत प्रामुख्याने वयाभोवती फिरला. राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांना मनाई करणारे राष्ट्रीय हरित लवादाचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केले. दिल्लीत जुलै २०२५ मध्ये अशा वाहनांना इंधन नाकारण्याची मोहीम सुरू झाली आणि विरोधामुळे काही दिवसांतच थांबली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या आधारे मालकांवर सक्तीची कारवाई न करण्याचा अंतरिम आदेश दिला. डिसेंबर २०२५ मध्ये त्यात बदल करून हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढील वाहनांपुरते ठेवले. म्हणजे प्रश्न ‘गाडी किती वर्षांची’ यावरून ‘गाडी कोणत्या निकषाची’ यावर सरकला. प्रदूषण वाढल्यावर दिल्लीत लागू होणाऱ्या टप्प्याटप्प्याच्या निर्बंधांतही तिसऱ्या टप्प्यात बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल मोटारींना बंदी असते.

महाराष्ट्रासाठी हा फरक महत्त्वाचा आहे. बीएस-४ हे १ एप्रिल २०१० रोजी देशातील निवडक शहरांत आले. त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होते. उर्वरित राज्यासह संपूर्ण देशात ते १ एप्रिल २०१७ रोजी पूर्णपणे लागू झाले. त्यामुळे २०१२ मध्ये सोलापुरात नोंदलेली मोटार बीएस-४ असेल, तर त्याच वर्षी यादीबाहेरच्या जिल्ह्यात नोंदलेली बीएस-३ असू शकते. वय एकच, निकष वेगळा. बीएस-४ पेट्रोल मोटारीची नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा युरो-४ इतकीच, ०.०८ ग्रॅम आहे. लंडनचा आणि आपला प्रश्न या ठिकाणी येऊन मिळतो.

मुंबई महानगर प्रदेशात फक्त सीएनजी आणि विजेवरील वाहने ठेवता येतील का, हे तपासण्यासाठी राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली. उद्या येथे निर्बंध आले आणि ते निकषावर आधारित असले, तर पुराव्याचा प्रश्न येथेही उभा राहील. आरसीवर आणि ‘एमपरिवहन’ ॲपवर उत्सर्जन निकषाचा रकाना असतो. अनेक जुन्या गाड्यांच्या नोंदीत तेथे ‘उपलब्ध नाही’ असे दिसते.

मालकाने आजच काय करावे?

लंडनमध्ये असो वा लातूरमध्ये, जुनी गाडी घेण्याआधी तिचा निकष पाहावा, वर्ष नव्हे. लंडनमध्ये ती घेताना व्ही.३ चा रकाना भरलेला आहे का, हे पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. येथे एमपरिवहनवर निकष दिसतो का ते पाहावे आणि दिसत असल्यास त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा. रकाना कोरा असेल, तर गाडी घेतानाचे बिल, विक्री प्रमाणपत्र आणि कंपनीचे कागद जपून ठेवावेत. निर्बंध लागू झाल्यावर कंपनीकडून पत्र मागवता येते, पण तोवर कंपनीने ते मॉडेल बंद केलेले असू शकते, वितरक दुकान गुंडाळून गेलेला असू शकतो. आज फाईलमध्ये पडून असलेला एक कागद तेव्हा गाडीच्या किमतीइतका मोलाचा ठरू शकतो.